देवी सीमेला जाते तेव्हा

होळी होऊन चार दिवस झाले असतील, भावाचा फोन आला. "घरटी पाच हजार पट्टी बसलीय. वारबी चालू झालेत, मंगळवारी येऊ नको." एवढं सांगून त्याने ठेवला. आमच्या घरात फोनवर ख्यालीखुशाली विचारायची पद्धत नाही. फोन आला म्हणजे माणूस धड आहे असं समजायचं.

वार म्हणजे काय, ते बेळगाव-खानापूर पट्ट्याबाहेरच्यांना सांगावं लागतं. गावच्या लक्ष्मीची यात्रा ठरली की तिच्याआधी काही मंगळवार-शुक्रवार अख्खं गाव पाळणूक करतं. औत जुंपायचं नाही, खुरपं-विळा शेतात न्यायचा नाही, पिठाची गिरण बंद. उद्यमबागेत फौंड्रीला जाणारी पोरं मात्र त्या दिवशीही पहाटे मोटारसायकली काढतात. कारखान्याला वार लागू नाही, हे पंचांनीच एका बैठकीत ठरवून टाकलंय. देवाच्या कायद्यात पळवाट काढायला आमच्याकडे वकील लागत नाही.

या भागात कुठे पाच वर्षांनी यात्रा भरते, कुठे बारा, कुठे पंचवीस. प्रत्येक गावाचा हिशेब वेगळा, आणि मधे दुष्काळ किंवा भाऊबंदकी आली की तो आणखी लांबतो. आमची या खेपेला चोवीस वर्षांनी भरली. त्यातली सहा वर्षं रथाची चाकं कोणाच्या जागेत ठेवायची या वादात गेली. मागच्या यात्रेला मी बावीस वर्षांची होते, लग्न ठरलेलं. आता बेळगावच्या शहापुरात राहते, एका पतसंस्थेत हिशेब लिहिते आणि उपवास म्हटलं की साबुदाण्याच्या खिचडीपलीकडे मला काही आठवत नाही.

देव मानतेस का, असं कोणी विचारलं की मी गडबडते. पुण्याच्या मैत्रिणी हा प्रश्न लेखी परीक्षेतल्यासारखा विचारतात, हो किंवा नाही लिहा. आमच्याकडे तो कोणी विचारतच नाही. यात्रा आली की इथे विचारतात, "तुमचा मान काय?"

सुताराचा मान मूर्तीचा. जुनी लाकडी देवी तो उतरवतो, जोडतो, रंगवतो आणि शेवटी तिचे डोळे लिहितो. परटाचा पायघड्यांचा. पाटलाची पहिली ओटी. मातंग समाजाचा हलगीचा. कोणाच्या घरी अक्षतेचे तांदूळ, कोणाच्या घरी रथाचा दोर. आमच्या घराचा मान दिवटीच्या तेलाचा. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आयुष्यात फारसं काही जमलं नाही. दोन एकर बासमतीचं शेत, त्यातलं एक गहाण. सोसायटीच्या सभेत ते मागच्या रांगेत बसत आणि तिथूनही बोलत नसत. पण चोवीस वर्षांपूर्वी अक्षतारोपणाच्या, म्हणजे देवीच्या लग्नाच्या, पहाटे तेलाचा बुधला काखेत धरून देवीच्या उजव्या अंगाला उभे राहिलेले आण्णा मी पाहिलेत. पाटलाने हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा मालक, हे माझं काम." पाटील थांबला. आयुष्याचा अर्थ शोधायला आण्णा कुठे गेले नाहीत. त्यांना तो वाटून मिळाला होता, बुधल्याएवढा.

अर्थ शोधायला निघालेली माणसंही आमच्या भागाने पाहिली. मी रोज हिंदवाडीवरून कामाला जाते, तिथे गुरुदेव रानड्यांचं मंदिर आहे. मंदिर म्हणायचं, पण तत्त्वज्ञान आणि धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची संस्थाच ती. रानडे 1886 साली जमखंडीत जन्मले, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, तिथेच कुलगुरू झाले आणि 1957 साली विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळला वारले. ग्रीक तत्त्ववेत्त्यांपासून सुरुवात करून हा माणूस नामस्मरणाला येऊन टेकला. त्यांनी ज्ञानेश्वर-तुकारामांवर इंग्रजीत लिहिलं, हिंदी संतांवर लिहिलं आणि कन्नड संतांवरही तितक्याच प्रेमाने लिहिलं. ज्या गावात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून डोकी फुटतात, तिथे एकाच माणसाच्या टेबलावर दोन्ही भाषांचे संत शेजारी शेजारी बसले होते. मी कधीमधी आत जाऊन बसते. फार शांत आहे. पण खरं सांगायचं तर पंधरा मिनिटांनी मला चुळबुळ सुटते. माझा पिंड आण्णांचा असावा. हातात बुधला असल्याशिवाय मला देवापुढे काय करायचं ते सुचत नाही.

तशी आमची देवंही दोन भाषांतली. विठ्ठलाला ज्ञानेश्वरांनीच कानडा म्हणून ठेवलंय. कोणी त्याचा अर्थ कर्नाटकातला असा करतं, कोणी न कळणारा असा. आमच्या गल्लीत दोन्ही चालतात. पुरंदरदासांनी कन्नडमध्ये पदं रचली ती त्याच विठ्ठलाच्या नावाने. आम्ही जिला लक्ष्मी म्हणतो तिला पलीकडच्या गावात द्यामव्वा म्हणतात. यात्रेत पोरं देवीला खांद्यावर घेऊन भंडारा उधळत गल्ल्यागल्ल्यांतून रात्रभर पळतात, त्याला होन्नाट म्हणतात. होन्नु म्हणजे सोनं, आट म्हणजे खेळ. शुद्ध कन्नड शब्द. या खेपेला यात्रेच्या कमानीवर कन्नड वर की मराठी, यावरून पंचायतीत दोन बैठका झाल्या. 2024 च्या कायद्याने पाट्यांवर साठ टक्के कन्नड लागतं, मग फूटपट्टी घेऊन अक्षरं मोजायचं काम माझ्या चुलतभावाकडे आलं. त्याच भावाला रात्री होन्नाटमध्ये घसा बसेपर्यंत ओरडताना पाहिलं. तो कन्नड शब्द ओरडतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

हे मी चेष्टेने लिहितेय, पण चेष्टेचं नाही. बेळगावात धर्म आणि भाषा एकमेकांत इतकी गुंतलीत की कुठली कुठे सुरू होते ते कळत नाही. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात तेव्हा रात्रभर रस्त्यावर असलेली बाई मी पण असते. गणपतीला कपिलतीर्थावर पहाटेपर्यंत उभी राहते. 1 नोव्हेंबरला काळी पट्टी बांधते. यातलं भक्ती किती, मराठीपण किती आणि नुसती गर्दीची ओढ किती, हे मला वेगळं करता येत नाही. 1956 साली राज्यांची रेघ मारली गेली आणि बेळगाव कर्नाटकाकडे गेलं. ती कोर्टात किंवा मोर्चात पुसता आली नाही तेव्हा आमच्या लोकांनी आपलं सगळं वजन देवांच्या खांद्यावर टाकलं. मिरवणुकीला परवानगी नाकारता येत नाही ना, म्हणून. देवांनी ते घेतलंही. पण मिरवणूक झाल्यावर काही पोरांच्या डोळ्यांत जे उरलेलं दिसतं, त्याला भक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

असो. मला सांगायचं होतं ते आईचं.

मागच्या यात्रेला आईने बाजारातून गुळेदगुड्डचे दोन खण आणले होते, एकाच ठाणातले, आमसुली रंगाचे, पिवळ्या काठाचे. एक देवीच्या ओटीत घातला. दुसरा ट्रंकेत ठेवला, पुढच्या यात्रेला. पुढची यात्रा कधी, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. तरी ठेवला. बायका अशा ठेवतात. अकरा वर्षांपूर्वी आण्णा गेले. त्यानंतर त्या खणाला कोणी हात लावला नाही. डांबराच्या गोळ्या मात्र आई दर दिवाळीला बदलत होती, हे मला या खेपेला कळलं.

विधवेने देवीची ओटी भरायची नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण कोणाला सांगावंही लागत नाही. आण्णा गेल्यावर बाराव्या-तेराव्याला जे काही झालं ते इथे लिहीत नाही. बांगड्या फोडायला आलेल्या बाईचे हात थरथरत होते एवढंच आठवतं. त्या बाईचाही तो मानच.

माझी शहापुरातली शेजारीण लिंगायत. त्यांच्याकडे बाराव्या शतकातच बसवण्णांनी सूतक नाकारलं. जन्माचं नाही, मरणाचं नाही, विटाळाचं नाही, जातीचं नाही. बाई असो की पुरुष, गळ्यात इष्टलिंग, देऊळ लागत नाही, भट लागत नाही. मी तिला एकदा म्हटलं, अक्का, तुमचं बरं. ती हसली. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. महिनाभर ती दाराबाहेर पडली नाही, आणि मुलीच्या ओटीभरणाला स्वयंपाकघरात बसून राहिली. "वचनात नाही गे," ती मला म्हणाली, "पण गल्लीत हाय की." कुठल्याही धर्माचा एक ग्रंथ असतो आणि एक गल्ली असते. माणसाला राहायचं असतं गल्लीत.

आणि गंमत बघा, आमच्या भागातली सगळ्यात मोठी देवी दरवर्षी विधवा होते. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या बांगड्या फुटतात, जमदग्नीचा वध झाला म्हणून. आमच्याकडे तिला रांडाव पुनव म्हणतात. कोल्हापुरापासून बायका जातात, डोंगरावर देवीबरोबर शोक करतात. पुढे अहेव पुनव येते, जमदग्नी परत जिवंत होतो, देवी पुन्हा चुडा भरते, आणि आनंदीआनंद. लहानपणी मी आईबरोबर सौंदत्तीला गेले होते. बैलगाड्या, चुलींचा धूर, कडुलिंबाचा पाला आणि हळदीने पिवळी झालेली माती. "उधो, उधो" असा गजर. अंगावर काटा यायचा. अजूनही ते आठवलं की येतो.

दर मंगळवारी आमच्या दारात एक जोगतीण यायची, डोक्यावर परडी, हातात चौंडकं, गळ्यात दर्शनाचे मणी. लहानपणीच देवीला सोडलेली. आई तिला सुपातून तांदूळ घालायची आणि तिच्याकडून कपाळाला भंडारा लावून घ्यायची. गावातल्या लग्नात तिला आधी बोलावत, कारण देवीशी लग्न लागलेली बाई कधी विधवा होत नाही. कायमची सवाष्ण. तिच्या हातून हळद लागली तर नवरीचं कुंकू टिकतं. आण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी ती आली तेव्हा आई उंबऱ्याच्या आत उभी होती. तांदूळ घातले, पण कपाळ पुढे केलं नाही. जोगतीण गेल्यावर म्हणाली, "तिला कधी बांगड्या फोडायला नाहीत." मग बराच वेळ गप्प. आणि मग, "पण तिच्या वाट्याला जे आलं ते वैऱ्याच्याबी येऊ नये."

ते काय, हे आमच्या भागात सांगायची गरज नाही. देवीला सोडलेली मुलगी गावाची होते, आणि गाव म्हणजे कोण ते सगळ्यांना माहीत असतं. मुंबई इलाख्यात 1934 साली याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकात 1982 साली पुन्हा झाला. आमच्या जोगतिणीचं नाव सरकारी यादीत लागलं, पेन्शन सुरू झाली. मुलीला तिने शिकवलं, देवीला नाही सोडलं. पण मंगळवारी परडी घेऊन ती यायची ती शेवटपर्यंत आली. पेन्शन मिळते तर कशाला फिरतेस, असं मी एकदा शहाणपणाने विचारलं. "पेन्शन सरकार देतंय," ती म्हणाली. "बाई म्हणून दारात कोण घेतंय?" मान. परत तोच शब्द. ज्याने तिचं आयुष्य खाल्लं त्यातच तिची बसायची जागाही होती, आणि मला दुसरी कुठली जागा तिला देता येत नव्हती.

2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाड आमच्या चिकोडी-निपाणी पट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर. बातमी मी आईला वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "आपल्याला लागू हाय काय गे हे?" नाही म्हटलं. आपण कर्नाटकात. महाराष्ट्रात जायचं म्हणून मी आयुष्यभर सभांना बसले, महाराष्ट्राने मागितलेल्या आठशे पासष्ट गावांचा आकडा मला पाठ आहे. पण महाराष्ट्रात जाऊन काय हवंय, असा प्रश्न आईच्या तोंडून पहिल्यांदा इतक्या सरळ ऐकला.

यात्रेची कहाणी मी आज्जीकडून ऐकली होती. एका ब्राह्मणाच्या घरी एक परका तरुण आला. देखणा, वेद म्हणणारा. ब्राह्मणाने त्याला मुलगी दिली. मुलं झाली. एके दिवशी त्याची आई भेटायला आली, आणि जेवताना पदार्थाचं कौतुक करताना असं काही बोलून गेली की मुलीला कळलं, आपला नवरा अस्पृश्य. तिने घराला आग लावली. ती देवी झाली, नवरा रेडा झाला. म्हणून यात्रेच्या शेवटी देवी गावच्या सीमेला जाते, तिथे झोपडी जाळतात. पूर्वी रेडाही मारत. 1959 च्या कायद्याने देवळापुढचे बळी बंद झाले. आता बंदोबस्ताला पोलीस असतात आणि बकरी आपापल्या परसात कापली जातात.

लहानपणी मला ही गोष्ट देवीच्या संतापाची वाटायची. मोठेपणी वाटायला लागलं, की त्या तरुणाचा गुन्हा काय? वेद शिकला आणि लग्न केलं, एवढाच ना? आणि त्याच्याच जातीतल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या ती झोपडी जळताना हलगी वाजवायची, त्याला मान म्हणायचं. या खेपेला त्यांच्यातल्या पोरांनी पंचांना सांगितलं, "हलगी वाजवणार नाही. मान द्यायचाच तर गदग्यावर चढून ओटी भरायचा द्या." गदगा म्हणजे यात्रेत देवी बसते तो चौथरा. निपाणीला 1925 साली बाबासाहेबांनी परिषद घेतली होती. शंभर वर्षं ती गोष्ट चिकोडी, हुक्केरी करत हळूहळू आमच्या गावापर्यंत आली म्हणायची. पंचांनी तीन दिवस घोळ घातला. शेवटी तोड निघाली ती अशी, की कोल्हापूरकडून बेंजो पार्टी आणायची, त्या वाडीतल्या बायकांनी सगळ्यांबरोबर रांगेत ओटी भरायची, आणि एका म्हाताऱ्याने शास्त्रापुरते हलगीवर पाच ठोके मारायचे. बायका आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, ओट्या भरल्या. रांग थोडी सैल झाली, पुढच्या-मागच्या बायकांनी जरा अंतर धरलं, पण मोडली नाही. पाच ठोके मारायला म्हातारा उठला आणि सुरू झाला तो वीस मिनिटं थांबेना. बेंजोवाले हात बांधून बघत राहिले. त्याचा नातू डोळे पुसत होता, की रागाने तोंड फिरवत होता, ते भंडाऱ्याच्या धुळीत नीट दिसलं नाही.

ओटीच्या शुक्रवारी सकाळी आईने ट्रंक उघडली. खण काढला, त्यावर नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी ठेवली आणि सूप माझ्या हातात दिलं. "तुझी तू वेगळी भर. ही माझी."

"कोणाच्या नावाने सांगू?"

"माझ्या. नाव काय पुसून टाकलंय काय?"

गदग्यावर देवी बसली होती, तोंडभर हळद, मोठाले पांढरे डोळे. सुताराने या खेपेला डोळे जरा तिरके लिहिले, असं बायका कुजबुजत होत्या. रांग दोन तासांची. माझी ओटी झाली. मग मी दुसरं सूप पुढे केलं. पुजाऱ्याने विचारलं, कोणाची? मी आईचं नाव घेतलं. पुजारी आमच्याच गल्लीतला, आण्णांच्या खांद्याला खांदा लावून वाढलेला. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मागून बायकांचा रेटा होता. त्याने खण घेतला, हातात जरा तोलल्यासारखा केला, आणि बाजूच्या ढिगावर ठेवला. आता ढिगावर तर सगळ्यांचेच खण जात होते. पण माझ्या आधीचा देवीच्या मांडीला लावून मग गेला होता की थेट, हे मला तेव्हा आठवेना, आणि आजही आठवत नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "कुठं ठेवला?"

"मांडीवर," मी म्हटलं.

"खोटं बोलू नको गे. शाळेच्या कट्ट्यावरनं बघत होते मी. माझा खण मला लांबनंबी ओळखू येतो."

मला पुजाऱ्याचा राग आला, तिला आला नाही. ती उठून पाहुण्यांची ताटं करायला लागली. साठ माणसं जेवायची होती. यात्रेत कोणाला फार वेळ दुःख करता येत नाही, ही यात्रेची एक सोयच.

नवव्या दिवशी संध्याकाळी देवी सीमेला निघाली. येताना जी वाजतगाजत आली ती जाताना घाईने जाते. दिवट्या एकेक विझवतात. आमच्या भावाने तेलाचा बुधला वाटेतच रिकामा केला, तसाच रिवाज. तरणी सवाष्ण माणसं वेशीपासून परततात आणि मागे वळून बघत नाहीत. मी परतायला लागले तर आई माझ्या उलट्या दिशेने निघालेली.

"अगं, कुठे?"

"सीमेला. तिकडं मला कोण अडवणार? झोपडी जळली की आज तीबी माझ्यासारखीच की."

तिच्यामागे मीही गेले. नियम मोडला म्हणा. सीमेवर, जिथे आमच्या गावची हद्द संपते आणि ऊस सुरू होतो, तिथे पाचटाची झोपडी उभी केली होती. ती भसाभस पेटली आणि पाच मिनिटांत बसली. मग अंधार. देवीच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, मळवट पुसला. तिथे होती ती फक्त म्हातारी माणसं, खांदा देणारे चारपाच जण आणि सात-आठ बायका, सगळ्या पांढऱ्या कपाळाच्या. त्यांना तिथे या म्हणून कोणी सांगितलं नसावं. एकमेकींशीही त्या बोलल्या नाहीत. आमची जोगतीण असती तर तिला इथे यायला जागा नव्हती, असं मला उगाच वाटून गेलं.

नऊ दिवसांच्या धावपळीत देवीच्या लुगड्याच्या निऱ्या पार विसकटल्या होत्या. आई पुढे झाली. कोणी काही म्हटलं नाही. तिने वाकून त्या निऱ्या सारख्या केल्या, एकेक, घरात नेसल्यासारख्या, आणि पदर देवीच्या डोक्यावरून नीट घेतला. देवीच्या अंगावरचा भंडारा तिच्या दोन्ही हातांना लागला, कोपरापर्यंत. मग माणसांनी देवी उचलली आणि अंधारात नेली.

परत येताना ती काही बोलली नाही. घरी न्हाणीत पाणी काढून ठेवलं होतं, पण तिने पाय तेवढे धुतले.

सकाळी चुलीवर भाकरी थापताना पहिल्या दोन पिवळसर निघाल्या. भावाने ताटात घेऊन उलटीपालटी करून पाहिली. "पिठात काय पडलं गे?"

"खा गप," आई म्हणाली.